दादाच्या समुद्रातली निवळी

माझा भाऊ गेला त्या दिवशी आत्याने आमच्या घरातला समुद्र बादलीने उपसायला घेतला होता.

आज वर्ष झालं. लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. लिहितेच.

आमचा महेशदादा. धाराशिवात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, लग्नाचं "बघू पुढं", आणि पुढच्या खोलीत काचेचा भलामोठा टँक. खारं पाणी, दोन मासे आणि प्रवाळ. जिवंत.

समुद्र त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता, कॉलेजच्या ट्रिपला. तेवढ्यावर वेड लागलं.

नळ आमच्याकडे येईल त्या दिवशी खरा. भूमची आत्या आली की तोंड सोडायची, "प्यायला पाणी न्हाय आन् ह्यो घरात समुद्र भरतोय."

आईच्या मंगळसूत्रात पोवळं आहे. तेच टँकमध्ये जिवंत वाढतं, हे तिला पटायचंच नाही.

"ह्यो दगड वाढतोय व्हय?"

"वाढतोय आई. पाण्यातला चुना घेतोय आन् हाडावानी घर बांधतोय."

आता हा चुना रोज थोडा थोडा द्यावा लागतो. त्याचं मशीन ऑनलाइन मिळतं. दादाने एकदा किंमत बघितली, मोबाईल खिशात ठेवला, आणि मेडिकलवाल्या मित्राकडून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी घेऊन आला. टँकच्या वर भिंतीत खिळा ठोकला. बाटली उलटी टांगली. नळीची चाकी फिरवून थेंब लावला.

टप्.

"लाईट गेली तरी चालू," तो येईल त्याला सांगायचा. "थेंबाला खाली पडायला करंट लागत न्हाय."

बाटलीत काय भरायचं ते त्याने यूट्यूबवर शिकून आईला अगदी साहेबी थाटात समजावलं. खायचा चुना पाण्यात ढवळायचा, तसाच बसू द्यायचा, खालचा गाळ हलवायचा नाही, वरचं नितळ तेवढं घ्यायचं.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी निवळी की. तुला ल्हानपणी पाजली म्या. हाडं बळकट व्हावीत म्हणून."

त्या दिवसापासून निवळी आईच करायची. दादा फक्त चाकी बघायचा. एकदा ती बाटली भरत असताना म्हणाला,

"आई, म्या मेलो तर मला नदीत सोडू नगंस. टँकमधी टाक. येवढं कॅल्शियम वाया कशाला घालवायचं?"

आईने हातातलं फडकं फेकून मारलं. म्हणाली, भरल्या घरात असलं अभद्र बोलू नये.

आम्ही हसलो होतो. मी जरा जास्तच.

मग कावीळ झाली. साधी वाटली, ती लिव्हरवर गेली. सोलापूरला ॲडमिट केलं. हाताला सलाईन. तो डोळे मिटून पडलेला आणि मी त्या नळीकडे बघत बसलेली. तेवढ्यात म्हणाला,

"चाकी आवळ जरा. टँकमधी येवढ्या जोरात सोडलं असतं तर सगळं मेलं असतं."

माझ्याशी बोललेलं तेच शेवटचं.

घरातून मयत निघालं की भरलेलं पाणी ठेवत नाहीत. आमच्याकडची रीत आहे. पुरुषमाणसं दादाला घेऊन गेली आणि आत्याने हंडे ओतले, घागरी ओतल्या, अंगणातलं बॅरल आडवं केलं. मग बादली घेऊन टँकपाशी आली. पाणीच ते. तिच्या लेखी हंड्यात आणि त्यात काय फरक?

मी बघत उभी होते. पाणी निम्म्यावर आलं, प्रवाळाचे शेंडे उघडे पडले.

भिंतीशी बसलेली आई उठली. बादलीची कडी धरली.

"राहू द्या वन्सं. त्यात जीव हाय."

"वहिनी, मयताच्या घरातलं पाणी ठिवत न्हाईत."

"एक पोचवला. आता ह्यांना बी पोचवायचं काय?"

आत्या बादली टाकून रडायला लागली. मी शेजारून पाणी आणलं आणि मिठाचं उरलेलं पाकीट कालवून टँक भरला.

आत्याने मीठपाणी ओतलं होतं तिथला मोगरा जळून गेला. तिथं अजून काही उगवत नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून गाडगं दारातल्या लिंबाला टांगलं. मग नदीला नेलं. सगळं रीतीप्रमाणे झालं.

आणि मी लातूरला सासरी परत गेले.

वर्षभर आई एकदाही माझ्याकडे राहायला आली नाही. "बाटली कोण भरंल?" फोनवर बोलताना मागून थेंबाचा आवाज यायचा. मी दोन थेंबांच्या मध्ये श्वास धरून बसायचे. मला तो टँक नकोसा झाला होता. तो थेंब दादाच्या हाताचा वाटायचा. आईला ते पाणी धरून ठेवतंय, सोडत नाही, असं वाटायचं.

म्हणून वर्षश्राद्धाला येतानाच मी टँक न्यायला माणूस ठरवला. आज दुपारी येणार होता.

आईला सांगितलं. ती चुना ढवळत होती.

"त्याला द्यून टाकतीस?"

"कुणाला गं?"

तिने काचेवर बोट ठेवलं. प्रवाळाच्या बुडाशी.

"गाडगं लिंबाला व्हतं तवा त्यातला बारका तुकडा काढून घेतला म्या. त्यानंच सांगितलं व्हतं न्हवं."

मी वाकून बघितलं. काहीच दिसेना. जांभळट दगड, त्याच्यावर दगड.

"आता दिसायचा न्हाय. पोवळ्यानं धरलंय त्याला. अंगावर घेऊन वाढायलंय."

भीती वाटली. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतेय.

बाहेर जाऊन त्या माणसाला फोन केला. येऊ नका म्हटलं. कारण विचारलं त्याने. मी फोन ठेवला.

आत आले तर आई वाटीने वरचं नितळ पाणी काढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"गाळ हलवू नगंस. हाडं बळकट व्हायची असत्यात."

दादा, फोटोपुढे हात जोडायला आले होते. आईने हातात बाटली दिली.

चाकी आवळली आहे. थेंब हळू पडतोय.