सात वर्षांनी घातलेला दंडवत

वडनेरच्या सुंदराने लग्नाआधीच, सोळाव्या वर्षी, महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. माहेरचे सगळेच उपदेशी. नेम सोपा होता आणि कडकही. एका परमेश्वराचं स्मरण करायचं, दुसऱ्या कुठल्याही देवतेपुढे हात जोडायचे नाहीत. सासर मात्र उपदेशी नव्हतं. पण नवरा रूपराव समजूतदार होता. "तू तुह्या देवाचं कर, माय तिच्या देवाचं करते," तो म्हणाला, आणि घरात कधी वाद झाला नाही. चूल पेटायच्या आधी सुंदरा स्मरणाला बसायची, पौर्णिमेला गावाबाहेरच्या आश्रमात जाऊन यायची.

पन्नास सालच्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. सुंदराची चार वर्षांची शकुंतला तापली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या अंगभर फोड उठले. डोळे चिकटले ते उघडेनात. शेजारच्या घरातलं मूल आदल्याच दिवशी गेलं होतं. सासू पोरीच्या उशाशी निंबाचा पाला ठेवून बसली होती.

"सुंदरे, आता तरी मातामायच्या ओट्यावर जाय," ती म्हणाली. "पोरगी का माही एकटीची हाय?"

सुंदरा उठली. ओल्या लुगड्याने, दहीभाताचा नैवेद्य घेऊन ती गावदेवीच्या ओट्यावर गेली आणि शेंदूर लावलेल्या दगडावर डोकं टेकून म्हणाली, "माही पोर मले दे."

शकुंतला वाचली. तोंडावर वण राहिले, पण नजर शाबूत राहिली. मातामाय पावली, असं गावातल्या बाया म्हणू लागल्या. त्या पौर्णिमेला ती आश्रमात गेली नाही, पुढच्या पौर्णिमेलाही नाही. सकाळी स्मरणाला बसलं की पहिल्याच नावाला तो शेंदराचा दगड आठवायचा. हळूहळू बसणंही सुटलं.

"काऊन जात नाई वं आता?" रूपरावाने एकदा विचारलं.

"काम रायते," ती म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

सात वर्षं गेली. सत्तावन्न साली दिवाळीनंतर, कापसाची पहिली वेचणी चालू असताना, एक म्हातारी तपस्विनी भिक्षेला दारात उभी राहिली. काळं लुगडं, खांद्याला झोळी. आश्रमात नव्याने आलेल्या लीलाबाई त्या. सुंदरा भाकर घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"दंडवत प्रणाम, बाईजी." सवयीने तोंडातून निघून गेलं.

"दंडवत. उपदेशी दिसतं तू."

"होती. आता नाई. माह्या हातची भिक्षा तुमाले चालते का नाई, ठावं नाई."

लीलाबाई ओसरीवर टेकल्या. "पाणी तं दे. आन् काय झालं ते सांग."

सुंदराने पाणी दिलं आणि सांगितलं. स्मरण का सुटलं, हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मंग आश्रमात येऊन सांगाचं होतं," लीलाबाई म्हणाल्या. "प्रायश्चित्त असते त्याले."

"कसं सांगू, बाईजी? चुकलं म्हणलं, तं पोरगी वाचली तेच चुकलं म्हणल्यावानी होते. ओट्यावर गेली नसती आन् पोर हातची गेली असती, तं?"

म्हातारीने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. भाकर अजून सुंदराच्या हातातच होती.

"पोर जगली यात कोणाचंच काई चुकलं नाई," लीलाबाई म्हणाल्या. "तू भ्याली, आन् भेवात नेम सोडला. तेवढंच तुहं हाय, तेवढंच सांग. पोर कोणं वाचवली याचा निवाडा तुह्यावर कोणी सोपवला नाई."

सुंदराने भाकर झोळीत घातली. लीलाबाई ती घेऊन पुढच्या घराकडे गेल्या.

पौर्णिमेला ती आश्रमात गेली. महंतबाबांपुढे दोन वाक्यांत सगळं सांगून झालं. त्यांनी काही उपवास आणि जास्तीचं स्मरण सांगितलं, आणि नेम पुन्हा दिला. तिने दंडवत घातला, कपाळ जमिनीला टेकलं, आणि तिला उठावंसंच वाटेना. शेवटी लीलाबाईंनी हाताला धरून उठवलं.

घरी येऊन तिने सासूला सांगून टाकलं, "माय, यापुढे मी ओट्यावर येणार नाई."

"नको येऊ. मी हाय नं," सासू म्हणाली, आणि निवडत होती ती डाळ निवडत राहिली.

शकुंतला आता अकरा वर्षांची होती. त्या दिवशी ओसरीवर झालेलं बोलणंही तिने ऐकलं होतं. "मंग मले कोणं वाचवलं?" तिने विचारलं.

"मले नाई माईत, बाई," सुंदरा म्हणाली. "मी तवा लय भ्याली होती, एवढं माईत हाय."

शकुंतलेला हे उत्तर काही पटलं नाही. मंगळवारी ती आजीबरोबर ओट्यावर जायची आणि पौर्णिमेला आईबरोबर आश्रमात. सुंदराने तिला कशालाच अडवलं नाही. उपदेश घ्यायचाच तर मोठी झाल्यावर, आपल्या मनाने घे, एवढंच तिने लेकीला सांगून ठेवलं होतं.