दिवेलागणीला नाव घ्यायचं नाही

आमच्या कोकणात दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत. लांबडं म्हणायचं, फार तर जनावर. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं. मी शिकले, दोहाला आले, गराफ्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली. अझीझियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये साप यायचाच म्हटलं तर त्याला लिफ्टने यावं लागेल. तरीही संध्याकाळी माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. नवऱ्याला याची भारी मजा वाटायची.

तो सांगलीकडचा, कृष्णेच्या काठावर वाढलेला. तिथल्या मगरींबद्दल तो असा बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या यानेच पाळल्यात. इथलं त्याचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं आणि पुढचं काम मिळालं ते थेट झांबेझी नदीवर, नामिबियाच्या टोकाला. तिथे एक धक्का बांधायचा होता आणि त्याआधी वर्षभर पाण्याची पातळी मोजायची होती. माझी नोकरी, लेकीची शाळा, म्हणून आम्ही दोघी इथेच राहिलो. घरातून निघताना ‘येतो’ म्हणावं, ‘जातो’ म्हणू नये, हे त्यालाही ठाऊक. तरी दारात माझ्याकडे बघत मुद्दाम ‘जातो’ म्हणाला. मला इतका राग आला की एअरपोर्टपर्यंत मी त्याच्याशी धड बोललेच नाही.

त्याचा फोन संध्याकाळच्या अजानीच्या सुमारास यायचा. मी देवापाशी निरांजन लावत असायची. इथे अंधारून आलेलं, तिकडे अजून लख्ख ऊन. तो कॅमेरा नदीकडे फिरवायचा. रुंद, मातकट पाणी, वाहतंय की नाही ते कळू नये असं. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही.

"ती बघ मगर," तो म्हणायचा. "दिसली का? मगर गं, मगर." लेक खिदळायची. मी निरांजनाला हात आडवा धरून म्हणायची, वेळ बघून बोलत जा. मग लेकच मला समजवायची, "मम्मा, इट्स जस्ट अ नेम."

नावं तर तिथे पावलोपावली होती. लेकीने नदीचा नकाशा प्रिंट करून फ्रिजवर लावला होता आणि बाबा फोनवर एकेका ठिकाणाचा अर्थ सांगायचा. कझुंगुला हे एका झाडावरून पडलेलं नाव. त्याच्या खाली मोठा धबधबा, त्याला तिथले लोक गर्जणारा धूर म्हणतात. आणखी खाली करिबा, म्हणजे म्हणे सापळा. इथवर मी ऐकून घेतलं. पण तो स्वतः राहत होता त्या गावाचा, कतिमा मुलीलोचा अर्थ त्याने सांगितला तेव्हा मी नकाशाकडे पाठ फिरवली. पूर्वी लोक होडीतून जाताना सोबत विस्तव न्यायचे आणि तिथल्या खळाळात पाणी उडून तो विझायचा, म्हणून गावाचं नावच आग विझवणारं. आम्ही साधा दिवासुद्धा विझला म्हणत नाही, शांत झाला म्हणतो. आणि माझा नवरा रोज त्या नावाच्या गावात झोपत होता.

तो बोलत असताना मागून एक आवाज यायचा, कुणी म्हातारा खोकत खोकत हसतोय तसा. तो पाणघोडा होता. फोन ठेवल्यावरही एसीच्या घरघरीत मला तो ऐकू येई.

काठाशी पाण्यात आकडे लिहिलेली एक उंच पट्टी रोवली होती. रोज ठरलेल्या वेळी जाऊन ती वाचायची, हे त्याचं मुख्य काम. एकदा बोलता बोलता त्याने सांगितलं की कॅम्पवर पाणी भरायला कुणी लागोपाठ दोन दिवस एका जागी जात नाही, मगर माणसाची ये-जा लक्षात ठेवते. मी विचारलं, मग तू? तो म्हणाला, पट्टी काही हलवता येत नाही, आणि कृष्णाकाठच्या माणसाला मगरी शिकवू नकोस. त्याच्यासोबत कॅम्पवरचं एक पिवळं कुत्रं असायचं. लेक फोनवरून त्याला हाका मारायची आणि ते कान टवकारायचं.

त्या दिवसापासून फोन आला की मी आधी त्याच्या मागचं पाणी बघायला लागले. दर आठवड्याला ते जवळ सरकल्यासारखं वाटायचं. तो म्हणायचा, पूर चढतोय, या दिवसांत चढतोच.

गेल्या गुरुवारी फोन उशिरा आला. निरांजन लावून झालं होतं. त्याच्या मागे नदी नव्हती, खोलीची भिंत होती. लेकीने नेहमीसारखी कुत्र्याला हाक मारली. तो मला म्हणाला, तिला जरा आत पाठव.

ती गेल्यावर त्याने सांगितलं. तो पट्टी वाचायला वाकला होता आणि कुत्रं त्याच्या पायाला अंग लावून उभं होतं. पाणी हललंसुद्धा नाही.

"लांबडं आलं होतं," तो म्हणाला. "कुत्रं नेलं."

मी विचारलं, तुला लागलं का? नाही म्हणाला. मी म्हटलं, सगळं टाक आणि परत ये. तो म्हणाला, बदली माणूस येईपर्यंत पट्टी वाचावीच लागेल, उद्यासुद्धा. तो इतक्या हळू बोलत होता की मला फोनचा आवाज पूर्ण वाढवावा लागला. पलीकडे ऐकणारं कुणी असल्यासारखा त्याने आवाज दाबला होता.

लांबडं हा माझा शब्द, आणि तोही सापाचा. इतकी वर्षं मी ज्यासाठी त्याच्याशी भांडले ते त्याने आपणहून केलं होतं, आणि मला भयंकर भीती वाटली. मला माझा तो चिडवणारा नवरा परत हवा होता. तेवत्या निरांजनासमोर उभी राहून मी म्हणाले, "मगर म्हण. अरे, एकदा मगर म्हण ना."

उठून त्याने दार नीट लागलंय का ते बघितलं.

"उद्या पट्टीपाशी जाऊन येतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.