चोच टेकण्याआधी

मला कावळ्याची भीती वाटायची. माझी चित्रं पाहिलेल्यांना हे खरं वाटणार नाही. इतके कावळे काढलेत म्हणजे बाईंना पक्ष्यांचा भारी लळा असणार, असं त्यांना वाटतं. लळा कसला! खिडकीच्या गजावर कावळा येऊन बसला की मी खिडकीपासून लांब सरायचे.

वडील, आमचे आप्पा, गेले तेव्हा मी नाशकातच चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. ते सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी कचेरीला निघताना बूट घालायला खुर्चीवर बसले आणि उठलेच नाहीत. माझ्या चित्रांबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत, चांगलंही बोलले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "बरंय. पण पुढे काय?" त्यांना कॉलेज पसंत होतं की नव्हतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

दहाव्याला आमच्यात तेव्हा बायका घाटावर जात नसत. आई घरीच राहिली, मी मात्र हट्टानं गेले. गोदावरीच्या काठावर दादानं विधी केले, पिंड मांडला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघू लागले. नाशकात घाटावरचे कावळे एरवी हातातला घास पळवतील इतके धीट, पण त्या दिवशी एक समोरच्या पत्र्यावर बसून राहिला, मान वाकडी करून एकेका डोळ्यानं बघत. खाली उतरेना. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलं आहे, असा त्याचा अर्थ. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून बोलू लागला. दादा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. आत्येनं घरून निरोप धाडला होता, तोही कुणीतरी सांगितला. कावळा ढिम्म. ऊन चढलं, सगळे उपाशी, गुरुजींना पुढचं काम होतं. आता दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवू, असं ते म्हणाले.

तेवढ्यात सटाण्याचे मोठे काका पुढे झाले. धाकट्या भावाशी बोलावं तसे मोठ्यानं अहिराणीत म्हणाले, "भाऊ, पोरनी काळजी करू नको. तिनं लगीन यंदाच करी टाकसूत. चितरं काढानं बंद."

आणि कावळा उतरला. पिंडाला चोच लागली. "सुटला, सुटला," म्हणत सगळ्यांनी हात जोडले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पण मला जे कळायचं ते कळलं होतं. "पुढे काय?" या प्रश्नामागे वडिलांच्या मनात हे होतं तर.

मी भांडले नाही. कुणाशी भांडणार? काकांशी भांडता आलं असतं, कावळ्याशी कसं भांडायचं! आई म्हणाली, गेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे, आणि डोळे पुसत माझे रंग माळ्यावर टाकले. वैशाखात लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, हे सांगायलाच हवं. त्यानं मला कधी कशाला नाही म्हटलं नाही. पण सासरी जेवणाआधी कावळ्याला घास ठेवायची रीत होती आणि ते काम धाकट्या सुनेचं, म्हणजे माझं. घास ठेवून मी पळत आत यायचे आणि दाराच्या फटीतून बघायचे. घेतो की नाही? नाही घेतला तर वडील अजून नाराज आहेत. घेतला तर मी ब्रश सोडला म्हणून खूश आहेत. दोन्हीकडून मीच मेले.

त्या फटीतून बघता बघता एके दुपारी कॅलेंडरच्या पाठीवर शेगडीतल्या कोळशानं मी त्याला काढलं. आपण शब्द मोडतो आहोत हे माहीत होतं आणि मोडताना त्याच्याच डोळ्यांत बघत होते. त्यानंतर थांबता आलं नाही. कावळ्याची मान करडी असते, काळी नव्हे. रागावला की कपाळावरची पिसं उभी राहतात. घास उचलण्याआधी तो एकदा मागे उडी मारतो. हे कॉलेजात कुणी शिकवलं नसतं, भीतीनं शिकवलं. माझ्या एकाही चित्रात चोच घासाला टेकलेली नाही. थोडं अंतर उरलेलं असतं. मला काढायचं असायचं ते अंतरच.

पुढं दोन हजारनंतर गावातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन झालं. कावळेच का, असं लोक विचारायचे. सहज सापडतात, असं मी सांगायचे. आई आली होती. सगळ्यात मोठ्या चित्रासमोर ती उभी राहिली आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला, वडील घरात आले की घ्यायची तसा.

काही वर्षांनी आई गेली. तिच्या दहाव्याला आम्ही बायकाही घाटावर होतो. पुन्हा कावळा लांबच. लोक पुन्हा हात जोडून बोलू लागले, तेव्हा दादानं हळूच खिशातून कागदाची पुडी काढली आणि पिंडाशेजारी एक कांदाभजं ठेवलं. कावळा लगेच आला.

घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "आप्पांच्या वेळीही मी हेच केलं होतं. काका बोलत होते, सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे, तेवढ्यात ठेवून दिलं. उन्हात सगळे ताटकळले होते गं. पाप केलं असं वाटायचं, म्हणून कुणाला बोललो नाही."

"दादा, त्या कावळ्यापायी माझं कॉलेज सुटलं."

तो खरोखरच गोंधळला. "लग्न तर तुझं होणारच होतं की," म्हणाला.

मला राग यायला हवा होता, तो नंतर भरपूर आलाही. पण रिक्षात भलतंच वाटलं. इतकी वर्षं वडील माझ्यावर नाराज होते आणि मी रोज दुपारी कागदावर त्यांची समजूत घालत होते. ते रागावलेले का असेनात, समोर होते. आता कळलं, ते काहीच बोलले नव्हते. माझी चित्रं त्यांना आवडायची का, हे सांगणारं आता कुणीच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीत कावळा आला. मला भीती वाटली नाही. कोळसा घेतला, तो नीट काढला, मान, डोळा, पिसं, सगळं बरोबर. नुसता कावळा होता. तो कागद हातात धरून मी वडिलांसाठी पहिल्यांदा रडले.