झेंडापंचाची नात

बायकांनी शर्यतीच्या मैदानात जायचं नाही असं आमच्याकडे कुणी कधी सांगितलं नाही, पण कुणी कधी गेलंही नाही. माझा थोरला भाऊ तीस वर्षं आमच्या भागातल्या बैलगाड्यांच्या मैदानात झेंडापंच होता. निकालाच्या रेषेवर पिवळा झेंडा घेऊन उभं राहायचं आणि ज्याचे बैल आधी रेषा ओलांडतील त्याच्या बाजूला झेंडा हलवायचा, हे त्याचं काम. मी भोरात शाळेवर होते. मैदान झालं की दुसऱ्या दिवशी वर्गातली पोरं सांगायची, "बाई, काल तुमच्या दादांनी असला निकाल दिला, लई गोंधळ झाला!" माझ्या भावाची कीर्ती मला अशी दुसरी-तिसरीच्या पोरांकडून कळायची. त्याला झेंडा हलवताना मात्र मी साठी उलटेपर्यंत एकदाही पाहिलं नव्हतं.

निकाल दिला की दिला, असा त्याचा खाक्या. एकदा अख्खं मैदान अंगावर धावून आलं, तरी हा जागचा हलला नाही. तो निकाल चुकीचा होता, हे पुढं घरात सगळ्यांना कळलं. यालाही कळलं असणार. पण 'चुकलो' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा त्यानं स्वतःहून काम सोडलं. झेंड्याची काठी माळ्यावर गेली आणि कापड उन्हात डोक्याला बांधायला कामी आलं.

त्याची नात मोटारसायकल पळवते. शिरवळकडच्या एका कंपनीत नोकरी करते. जुनी गाडी घेतली, स्वतः उघडली, स्वतः जोडली, आणि सुट्टीच्या दिवशी भाटघरच्या बाजूला माळावर धुरळा उडवत बसायची. दोष द्यायचाच तर माझ्या भावाला द्यावा. चार वर्षांची असताना तिला खांद्यावर बसवून मैदानात नेलं ते यानंच.

तिचा बाप, म्हणजे माझा भाचा, मितभाषी माणूस आहे. गेल्या दिवाळीत ओसरीवर बसून त्यानं एकदाच सांगितलं. यंदा तीन शर्यती. एकीत तरी पहिल्या तिघांत आलीस तर पुढं पळव, नाही आलीस तर गाडी विकायची आणि स्थळं बघायची. लोकांना वाटलं, लग्नाची घाई आहे. मला माहीत होतं, त्याला घाई नव्हती, भीती होती. पोरगी बाहेर पडली की ती परत येईपर्यंत तो गोठ्यात उगाच काहीतरी करत बसायचा. माझा दादा त्याच्याच बाजूनं होता. पोरगी 'व्हय' म्हणाली. पहिल्या दोन्ही शर्यतींत ती मागंच राहिली. आता तिसरी उरली होती.

ही तिसरी शर्यत सारोळ्याच्या अलीकडं, हायवेपासून आत एका माळावर होती. पुण्याच्या कुणीतरी मातीचा वळणावळणाचा रस्ता आखला होता आणि कमानीवर भल्या मोठ्या अक्षरांत 'ग्रां प्री', म्हणजे मोठी शर्यत, असं लिहिलं होतं. शनिवारी सराव, रविवारी शर्यत. "आजी, घरचं एक तरी माणूस या की," पोरगी मला म्हणाली. बाप येणार नव्हता, आणि तो येणार नाही म्हणून आईही नाही. मला मोटारसायकलीचा आवाजसुद्धा सहन होत नाही, पण मी दादाला म्हटलं, "लोकांच्या बैलांचे निकाल जन्मभर दिलेस. घरच्या पोरीला दोन दिवस बघायला काय होतंय?" तो उठला. रुसल्यासारखाच उठला, पण उठला.

भाच्याचा दुधाचा टेम्पो, मागे बांधलेली मोटारसायकल, चालवायला पोरगी आणि शेजारी आम्ही दोघं म्हातारे. असे आम्ही शनिवारी सकाळी माळावर पोचलो. ती तिच्या कामाला गेली. आम्ही एका टेकाडावर चटई टाकली. कानात कापूस घातला. खाली एक वळण, वळणाच्या कडेला एक बोरीचं झाड आणि पुढे मातीचा उंचवटा, एवढंच आमच्या वाट्याला आलं. बाकीचा रस्ता टेकाडाच्या पलीकडं. मला वाटलं होतं, शर्यत म्हणजे शर्यत दिसेल. दिसतं ते असं की आधी आवाज येतो, मग धुरळा येतो, मग सातआठ गाड्या भर्रकन पुढून जातात, आणि मग पुन्हा आपण, चटई आणि ऊन. शर्यत बघायला आलेला माणूस खरं म्हणजे वाट बघायला आलेला असतो. कर्ण्यावर कुणीतरी सारखं बोलत होतं, पण गाड्या जवळ आल्या की त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

शेजारी वेल्ह्याकडचा एक माणूस बायको-मुलांना घेऊन बसला होता. त्याच्या मोबाईलवर कोण कितवं ते येत होतं. आमची पोरगी कोणती विचारून त्यानं लगेच तिचं हिरवं हेल्मेट ध्यानात ठेवलं आणि आम्हाला भेळ दिली. तासाभरात आम्ही सगळे तिचेच झालो.

दादाला काहीच पसंत पडत नव्हतं. "हितं रेषा कुठं हाय? पंच कुठं हाय? नुसती बोंबाबोंब." मग दुपारी त्या वळणावर तिची गाडी घसरली. ती धुळीत पडली, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि उठून उभी राहिली. मागून येणारे बाजूनं निघून गेले. तिनं गाडी उचलली, लाथ मारून सुरू केली, गेली. एवढंच झालं. पण दादानं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली. तो बराच वेळ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मी विचारलं नाही.

"तुझा बाप म्हणतो ते काय वावगं न्हाई," संध्याकाळी तो पोरीला एवढंच म्हणाला. तिनं कोपराला हळद लावून घेतली.

रविवारी निम्मा तालुका लोटला होता. धूळ बसावी म्हणून टँकर पाणी मारून गेला, अर्ध्या तासात ते वाळलंही. उसाचा रस, वडापाव, टोप्या, पिपाण्या, सगळी जत्रा भरली होती. नातीची शर्यत दुपारच्या जेवणानंतर लागली. दहा फेऱ्या. पहिल्या फेरीला हिरवं हेल्मेट आठवं आलं. मी बोटांवर मोजत होते. तिसऱ्या फेरीला सातवं. पुढचे दोघं एकमेकांना धडकून पडले, तशी पाचवं. वेल्ह्याचा माणूस उभाच होता. आठव्या फेरीला चौथं आलं आणि त्याची बायको माझ्या अंगावर पडून टाळ्या पिटायला लागली. मला आवाजाचा त्रास होतो हे मी कधीच विसरले होते. दादा बसलेला होता. त्याच्या कमजोर डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण मान मात्र प्रत्येक गाडीबरोबर फिरत होती.

शेवटची फेरी. आवाज आला, धुरळा आला. पहिली गाडी गेली, दुसरी गेली. तिसऱ्या जागेसाठी दोघं एकत्र वळणात शिरली आणि बोरीपाशी हिरवं हेल्मेट बाहेरच्या अंगानं पुढं आलं.

"तिसरी! तिसरी!" वेल्ह्याचा माणूस ओरडला.

दादा केव्हा उठला ते मला कळलं नाही. पाहिलं तेव्हा तो टेकाडाच्या पार कडेला उभा होता, डोक्याचं पिवळं कापड सोडलेलं, दोन्ही हातांत धरलेलं, आणि तिच्या बाजूला जोरात हलवत होता. पाय रोवलेले, छाती पुढं, तोंड उघडं. गावातल्या पोरांनी मला तीस वर्षं सांगितलेला माझा भाऊ तो हा, असं मनात आलं.

तिनं वर पाहिलं. आणि तिची गाडी मंदावली. एकदम मंदावली, जशी वाटेत गुरं आडवी आल्यावर आपण करतो तशी. तिच्या धुरळ्यातून मागची एक गाडी पुढं गेली, पाठोपाठ दुसरी. तोवर तिनं पुन्हा वेग घेतला होता, पण निकालाची रेषा लगेच पुढंच होती.

नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस टेकाड चढून धापा टाकत आला. "बाबा, ते खाली घ्या आधी! पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका आहे, गाडी हळू करा. तुम्ही काय केलंत हे?"

दादा त्याच्याकडं बघत राहिला. मग कापडाकडं. मला वाटलं, आता हा खाली बसेल. तो बसला नाही. टेकाड उतरून, माझा हात न घेता, तो थेट पंचांच्या मांडवात गेला. मी मागं. तिथं त्यानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "पोरीचा यात काय दोष न्हाई. माझ्यामुळं झालं. तिला तिसरी लिवा." पंच सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाबा, आमचा झेंडा नव्हता हे खरं. पण रेषेवर जो क्रम लागला तोच निकाल. तो आता बदलता येत नाही." दादा मान हलवून उठला. त्यानं वाद घातला नाही. दुसऱ्या कुणाला नसेल, पण त्याला ते उत्तर तोंडपाठ होतं.

पाचवी.

परतायला टेम्पोत बसलो. किकवी गाव मागं पडलं. कापूरहोळला वळलो. रस्त्यावरची नजर न काढता पोरगी म्हणाली, "आबा, खरं सांगा. तुमी मुद्दाम हलवला?"

"तोंड सांभाळ!" मी ओरडले. मला तिचा संताप आला. आणि त्याहून जास्त, तिला असं वाटू शकतं याचं वाईट वाटलं.

दादानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "इचारू दे तिला," तो म्हणाला. मग तिच्याकडं वळून बोलला. "काल तू पडलीस तवा म्या देवाला म्हनलं, हिला मागं ठेव. पार शेवटाला ठेव, पन घरी आन. आज सकाळी बी तेच मागितलं. ते खोटं कशाला बोलू? पन तू वळणातनं तिसरी भाईर आलीस आन म्या इसरलो. देवाला काय मागितलंय तेच इसरलो. हात आपसूक वर गेला, पोरी. आनंदानं गेला."

तिनं बाहीनं डोळे पुसले. गाडी मात्र सरळ चालवत होती.

"ती दोघं न्हाई थांबली," दादा म्हणाला. "तू का थांबलीस?"

"त्यांना माझ्या धुळीत दिसलं न्हाई. मला दिसलं. दिसल्यावर कसं पळवायचं, आबा? पुढं कुनी पडलं असतं तर?"

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. भाचा दारात उभा होता, हातात मोबाईल. निकाल आमच्या आधीच घरी पोचला होता. "पाचवी," तो म्हणाला. "ठरलंय तसं करायचं."

पोरगी वळली. मागं जाऊन मोटारसायकलीचे दोर सोडायला लागली.

दादा केबिनमधून कसाबसा उतरला आणि लेकापुढं जाऊन उभा राहिला. सून उंबऱ्यात आली होती, शेजारचे दोघंतिघं कुंपणाशी होते. मला वाटलं, याला आत घेऊन जावं, माणसांदेखत नको. पण त्याला माणसांदेखतच बोलायचं होतं.

"त्या मोबाईलवर हाय ते रेषेवरचं. मी वळणावर व्हतो," तो म्हणाला. "ती तिसरी व्हती. पाचवी म्या केली. म्या चुकलो." मग त्यानं सगळं सांगितलं. झेंडा सांगितला, पिवळ्याचा अर्थ सांगितला, देवाला काय मागितलं तेही सांगितलं. माझा हा भाऊ इतकं एका दमात बोललेला मी कधी ऐकला नव्हता.

भाचा बापाकडं बघत होता. मग त्याची नजर टेम्पोवर गेली.

"कापड बघून थांबलीस?" त्यानं लेकीला विचारलं.

"व्हय."

"शेवटच्या फेरीला? तिसरी असताना?"

"पुढं कुनी पडलं असंल वाटलं."

सुनेनं मला खुणेनं विचारलं, मी खुणेनंच 'थांब' म्हटलं. मग त्यानं मोबाईल खिशात टाकला, टेम्पोवर चढला आणि मोटारसायकलीचं पुढचं चाक धरलं. आजवर त्यानं त्या गाडीला हात लावला नव्हता.

"तुला थांबायचं कळतंय," तो म्हणाला. "मंग पळव."