धाकट्याला आलेली हाक

गोष्ट १९७४ सालची, तेव्हा मी बावीस वर्षांचा. काल एका लग्नात पाचट पेटवून हलगी शेकत होते, त्या तापल्या कातड्याच्या वासानं सगळं आठवलं.

देवीच्या जत्रेत जोडीनं हलगी वाजवायचा मान आमच्या घरचा. जोडी मोडली तर मान दुसऱ्या घरी जाणार. त्या साली जत्रेच्या आदल्या सांजेला मी अशीच हलगी शेकत होतो, तर धाकटा भाऊ सोपान म्हणाला, "दादा, मी आता देवीपुढं वाजवणार न्हाई. मला येशूनं हाक मारली."

"कवा मारली बे?"

"परवा पहाटं."

"एकाच वाकळंत झोपलो होतो की. मला कावून ऐकू आली न्हाई?"

"तुला न्हवती मारली."

त्याच्या तोंडावर थुंकायचं तेवढं राहिलं. सगळा जिल्हा सोडून देवाला हेच मिसरूड न फुटलेलं ध्यान सापडलं म्हणे.

देवाच्या हाकेवर माझा आजही विश्वास न्हाई. पण त्या गाढवाला खोटं बोलता येत नव्हतं, हे आता कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच देवळापुढं गेलो. पाटील म्हणाले, "त्याला कान धरून आण."

"माझ्या भावाच्या कानाला हात लावणारा अजून जन्मायचाय," म्हणालो, आणि वाजवायला लागलो.