नियमबाई आणि रक्तपेढीचं दार

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंना अख्खा दवाखाना तोंडावर ताई म्हणायचा आणि पाठ फिरली की नियमबाई. आता खोटं कशाला बोला, नाव शोभायचंही. गळ्यातल्या कार्डाची फीतसुद्धा त्या इस्त्री करून घालतात, अशी वदंता होती. पाहिलं कुणीच नव्हतं, विश्वास मात्र सगळ्यांचा होता.

दारांना कार्डांची यंत्रं बसली तेव्हा सगळे मेटाकुटीला आले. कुणाचं कार्ड घरी राहायचं, कुणाला यंत्र ओळखच द्यायचं नाही. भलेभले डॉक्टर कार्डावर फुंकर मारत, भिंतीपुढे वाकून उभे. नियमबाई तेवढ्या खूश. आत जाताना कार्ड टेकवायचं, बाहेर येताना टेकवायचं, एका कार्डावर एकच माणूस. पण रक्ताच्या पिशव्या पोचवणारे मामा जन्माचे भिडस्त. मागून कुणी आलं की दार धरून उभे. "मागच्याच्या तोंडावर दार कसं आपटायचं हो?" बाईंनी दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा सरळ लेखी तक्रार ठोकली.

त्या दिवशी सकाळी नऊला बाईंच्या दोन्ही हातांत बर्फाच्या पेट्या होत्या. मामांनी स्वतःचं कार्ड टेकवून दार उघडलं आणि सवयीनं धरलं. बाई थबकल्या. पण बोटं गारठून बधिर झालेली. शिरल्या आत. बाईंच्या हातातल्या पेट्या उतरवून मामा आपलं कार्ड टेकवून निघून गेले.

साडेदहाला ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. "दोन पिशव्या, आत्ताच्या आत्ता! बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. मामा निघालेत."

बाईंनी बाळंतिणीच्या रक्ताशी जुळवून ठेवलेल्या पिशव्या काढल्या, नंबर दोनदा वाचले, पेटी बंद केली, कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुन्हा टेकवलं. लाल. मग इकडेतिकडे बघत कार्डावर चक्क फुंकर मारली. हो, नियमबाईंनी! तरी लालच.

त्यांनी सुरक्षा खोलीला फोन लावला.

"ताई, तुम्ही आत गेलाच नाहीत," तिथला पहारेकरी म्हणाला. "कॉम्प्युटर म्हणतो, तुम्ही बाहेर आहात."

"अरे शहाण्या, मी आतून बोलतेय!"

"ऐकू येतंय हो. पण जो आत गेला नाही, त्याला हे यंत्र बाहेर सोडत नाही. साहेबांचा पासवर्ड लागेल. साहेब मीटिंगला आहेत, पंधरा मिनिटं धरा."

पंधरा मिनिटं! तिकडे एका बाईच्या अंगातून रक्त वाहत होतं.

दाराच्या तळहाताएवढ्या काचेत मामांचा चेहरा उगवला. "मामा, कार्ड लावा!" मामांनी लावलं. बाहेरही लाल.

"ताई, दहा वाजल्यापासून माझं कार्ड या दाराला बंद केलंय. तक्रार होती ना." कुणाची, ते मामा बोलले नाहीत. तेवढी सभ्यता त्यांच्यापाशी होती.

"मग दुसऱ्या कुणाला आणा!"

"कुणाला? हे दार उघडणारे आणखी दोघंच. तुमची जोडीदारीण रजेवर, मोठे डॉक्टर थिएटरात."

फोन पुन्हा खणखणला. बाईंनी उचलला नाही.

दाराशेजारी आगीसाठीची लाल पेटी होती. काच फोडून बटण दाबलं की मजल्यावरची सगळी दारं एकदम मोकळी, औषधांचं कोठार अन् तान्ह्या बाळांची खोलीसुद्धा. 'आग नसताना काच फोडणारा निलंबित होईल,' अशी सूचना वर चिकटवलेली. अक्षर बाईंचंच, खाली दोन रेघा.

"मामा, बाळांच्या खोलीतल्या नर्सला दारात उभी करा. कोठारवाल्यालाही सांगा. पळा!"

साठीचे मामा गुडघ्याला हात लावत पळाले. बाईंनी टेबलावरचं कागदांना भोकं पाडायचं पंच मशीन उचललं आणि दाराच्या काचेला डोळे लावून उभ्या राहिल्या. एक मिनिट. दोन. कॉरिडॉरच्या टोकाला मामांचा हात वर झाला, तसा त्यांनी लाल पेटीच्या काचेवर घाव घातला. बटण दाबलं. भोंगा बोंबलायला लागला, दार सैल झालं. मामांच्या हाती पेटी द्यायलाही त्या थांबल्या नाहीत. स्वतःच धावल्या.

थिएटरच्या दारात नर्सनं पेटी हिसकावली. "कुठे होतात?" उत्तर ऐकायला ती थांबलीच नाही.

वीस मिनिटांनी नर्स बाहेर आली. मास्क खाली ओढून म्हणाली, "थांबलं. वाचली." बाई तिथेच बाकावर बसल्या. तळहातात काच रुतलीय, हे त्यांना तेव्हा कळलं.

दुपारी साहेबांनी छापील चौकशी अर्ज पुढे ढकलला. काच कोणी फोडली? 'मी.' आग होती का? 'नाही.' आत कार्ड न वापरता गेलात? 'होय.' बाईंचं पेन सरळ चाललं. दार कोणी धरलं होतं? पेन थांबलं.

कोपऱ्यात मामा टोपी कुस्करत उभे होते. आणखी एक तक्रार म्हणजे थेट घरी.

बाईंनी वर न बघता वळणदार अक्षरात लिहिलं, 'दार उघडंच होतं.' आणि खाली सही ठोकली.