जाड कवळीचं संगीत

आमच्या शेजारच्याला सगळे बत्तिशी म्हणतात, तो कवळ्या करतो. डॉक्टर नव्हे तो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन त्याच्याकडे पाठवतात आणि हा तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि कानशी घेऊन बसतो. खिडकीत कायम पाच-सहा जबडे वाळत पडलेले. नवा पोस्टमन पहिल्या दिवशी ते बघून टपाल न टाकताच परत गेला होता. बत्तिशी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, वरच्या ओठाकडे बघतो. मला एकदा म्हणाला, "वहिनी, तुम्ही फक्त उजव्या बाजूनं चावता." चोवीस वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याच्या हे लक्षात आलेलं नाही.

हे झालं पोटापाण्याचं. पण काय करता असं कुणी विचारलं, की तो सांगायचा, "बँडमध्ये असतो."

बँडचं नाव 'पिवळी छत्री'. कॉलेजातल्या चौघांनी काढलेला. पुढे गवय्या, गिटारवर लांब्या, ड्रमवर एकजण जो दिवसा फरश्या विकतो, आणि चौथा बत्तिशी. त्याच्याकडे खंजिरी, टाळ्या आणि मधूनमधून "हे!" असं ओरडण्याचं खातं. हसू नका, एका गाण्यात "हे!" सव्वीस वेळा यायचं आणि त्यातलं एकही कधी चुकलं नाही. गाणी सायकलीवर, रविवारवर, समोरच्या खिडकीतल्या मुलीवर. पंचवीस वर्षं चौघे तेच पिवळे शर्ट घालत होते, फक्त गुंड्या सरकत गेल्या.

मग गवय्याच्या हिरड्या बिघडल्या. वरचे दात एकेक करून सगळे काढावे लागले आणि कार्यक्रम दहा दिवसांवर. बाकीच्या दोघांना त्यानं ताप आल्याचं सांगितलं आणि तोंडावर रुमाल धरून मागच्या दारानं बत्तिशीकडे आला. गाताना मोडायला नको म्हणून बत्तिशीनं कवळी टाळूवर चांगली जाड ठेवली. "आत्ता वेळ मारून ने, मग तासून देतो," म्हणाला.

त्या जाड कवळीनं काय केलं ते ऐका. तोंड मोठं उघडलं की ती सुटून खाली यायची, म्हणून गवय्या ओठ जेमतेम उघडून गायला लागला. तसं गाऊन वरचे सूर लागेनात, म्हणून सगळी गाणी खाली आली. भरभर शब्दांत जीभ अडखळायची, म्हणून लय निम्म्यावर आली. 'स' आणि 'श' तर धुक्यातून चालत आल्यासारखे यायचे. आता हे दोस्तांना सांगायचं कसं? त्यानं वेगळंच सांगितलं, "किती दिवस सायकल सायकल करायचं रे? मोठे झालो आता आपण."

त्याला वाटलं होतं, भांडतील. पण दोघांनाही जणू तेच हवं होतं. लांब्यानं सात वर्षं खणात दडवलेली गाणी बाहेर काढली. एक बंद पडलेल्या लिफ्टवर, एक वडिलांच्या चष्म्यावर. काळे शर्ट शिवले. पोस्टरवरची छत्रीही काळी झाली आणि नावातला पिवळा रंग गेला.

कार्यक्रमात लोक आधी चुळबुळले, मग गप्प झाले आणि शेवटी उठून उभे राहिले. पेपरात आलं, 'आवाजातला हा जडपणा आयुष्य सोसल्याशिवाय येत नाही.' बत्तिशीनं ते वाचलं आणि गुळणी धरून बसला. जडपणा नेमका किती मिलिमीटरचा, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

या सगळ्यात खंजिरीला काम उरलं नाही. दोन कार्यक्रम तो हात बांधून मागे उभा राहिला. एकदा चष्म्याच्या गाण्यात सवयीनं "हे!" निघून गेलं. पहिल्या रांगेत एक बाई डोळे पुसत होती, ती दचकून हसायला लागली. ड्रमवाल्यानं त्याला बाजूला घेतलं.

"रागावू नको, पण तू नुसता उभा राहिलास तरी खूश दिसतोस."

"मग काय करू? तोंड काढून ठेवू?"

"तसं नाही रे. पुढच्या वेळी खाली, लोकांत बस. तुझ्यासाठी चांगली खुर्ची ठेवतो."

आठ महिन्यांनी गाण्यांची रेकॉर्ड काढायचं ठरलं. कागदावर बँडमधल्यांची नावं लिहून आली, ती तीनच होती. बत्तिशीनं कागद घडी करून दातांच्या डबीखाली ठेवला. खंजिरी खुंटीला होतीच, तिच्या चकत्यांत आता मेण कापायच्या सुऱ्या अडकवलेल्या असायच्या.

त्याची बायको साधी नाही. "अहो, तुम्ही तासून देणार होतात ना त्यांना? मग द्या की! तोंड उघडलं की गाणी आपोआप वर जातील, आणि तुम्हीही स्टेजवर."

"खंजिरीसाठी मी असलं काही करणार नाही."

"मग कशासाठी कराल?"

"जाड काम आहे ते. माझ्या हातचं जाड काम गावभर फिरतंय, मला खपत नाही."

मला विचाराल तर त्यात चार आणे काम होतं आणि बारा आणे खंजिरी. पण मला कोण विचारतंय.

जुना साचा ठेवलेला होता. त्यावर त्यानं नवी कवळी केली, अंड्याच्या टरफलासारखी पातळ. रविवारी सकाळी गवय्याला बोलावलं. मी तिथेच होते. सासूबाईंची कवळी मोडली होती, ती न्यायला गेले होते, आणि ती मिळाल्यावर लगेच निघायला हवं होतं असं काही नाही. गवय्यानं मला बघितलं आणि रुमाल वर नेला.

"वहिनींना माहीत आहे," बत्तिशी म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"त्यांना सांगावं लागतं का?"

गवय्यानं जाड कवळी काढून दिली, नवी बसवली, जीभ फिरवली.

"साठपासून मोज," बत्तिशी म्हणाला.

"साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." काच पुसावी तसे आकडे बाहेर पडले. गवय्याचे डोळे मोठे झाले.

"आता सायकल म्हण."

त्यानं म्हटलं. पूर्ण तोंड उघडून, पूर्ण वेगात, तो वरचा सूरसुद्धा. बत्तिशीनं खुंटीवरची खंजिरी ओढली, सुऱ्या खाली सांडल्या आणि पहिलं "हे!" ठोक्यावर पडलं. टेबलावर सासूबाईंची कवळी थरथरत होती. बायको दारात येऊन उभी राहिली. आता काळे शर्ट गेलेच म्हणायचे, असं मलाही वाटलं.

दुसऱ्या कडव्यात गवय्या थांबला.

"का रे? टोचतंय?"

"नाही. येतंय सगळं."

"मग?"

"येतंय म्हणून गायचं का?" तो स्टुलावर बसला. "सायकल विकून मला बारा वर्षं झाली. ते लिफ्टचं गाणं म्हणतो ना, तेव्हा मला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. जुनी दे."

"अरे, मी कवळी जाड केली म्हणून तुझा 'स' असा..."

"असू दे. तो आता माझाच आहे. जुनी दे."

बत्तिशीनं जुनी धुवायला हातात घेतली, साबणानं बुळबुळीत. खाली फरशी. कशाला खोटं बोलू, मी त्या हाताकडेच बघत होते. निसटली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. कवळ्या पडून फुटतात, त्यावर तर त्याचं घर चालतं. आणि रेकॉर्डचा दिवस होता गुरुवार, चार दिवसांत दुसरी तशी जमली नसती. त्यानं ती उलटी केली, अंगठा फिरवला.

"डावीकडे मागं टोचते ना?"

"आठ महिने."

"मग सांगायचं नाही, गाढवा?"

त्यानं तेवढाच कोपरा गुळगुळीत केला. टाळूला कानस लावली नाही. दोनदा धुऊन पुढे धरली. "ही गायला, नवी जेवायला. अदलाबदल करू नकोस."

"आणि तू?"

"मी काय? मला बुधवारपर्यंत चार जबडे द्यायचेत."

गवय्या गेल्यावर त्यानं खाली वाकून सुऱ्या गोळा केल्या. बायकोनं खंजिरी पदरानं पुसून परत खुंटीला लावली.

रेकॉर्ड आली, गाजली. लांब्याला आणि ड्रमवाल्याला अजून पत्ता नाही, तेव्हा तुम्हीही जरा तोंड आवरा. परवा मी भाजी घेऊन येत होते, तर बत्तिशीनं खिडकीतून हात केला.

"वहिनी, थांबा. ऐका."

फोनवर लिफ्टचं गाणं लागलं होतं. 'शेवटचा मजला' या शब्दांपाशी त्यानं बोट वर केलं.

"हा 'श' ऐकलात?"

"ऐकला."

"हे मी वाजवलंय."

त्यानं ते मागे नेऊन पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, प्लास्टर घट्ट होतंय!" फोन तसाच वाजत ठेवून तो आत गेला.